हॉटेलातलं ताट, घरातलं ताट

प्रश्न साधा आहे. दुसऱ्या जातीच्या मित्राबरोबर हॉटेलात एका टेबलावर बसून जेवलो, तर त्याचा अर्थ काय?

कार्यकर्ते हसतील. म्हणतील, गायरानाच्या जमिनी डोक्यावर आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, पोरांवर केसेस आहेत, आणि हा गडी राईसप्लेटवर निबंध लिहितोय. हसा. पण हा प्रश्न आपल्या दर बैठकीत येतो. एक जण म्हणतो, "आता कुठं राहिलीय जात? हॉटेलात कोण विचारतं?" दुसरा लगेच उसळतो, "हॉटेलातलं जेवण म्हंजे नुसतं नाटक. पैसे टाकले की कुणालाही मिळतं." दोघंही एका वाक्यात विषय मिटवून मोकळे होतात. मला दोघांचंही पटत नाही. का पटत नाही, ते मांडतो.

आधी त्या बाकड्याची किंमत बघू. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. चहाच्या हॉटेलाबाहेर वळचणीला खोचलेली कपबशी त्यांना आठवते. आपणच काढायची, लांबून ओतलेला चहा उकिडवं बसून प्यायचा, आपणच विसळून परत खोचायची. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. राज्य मुसलमान राजाचं, पण गाव गावाच्याच कायद्यानं चालायचं. १९३४ साली बाबासाहेब कार्यकर्त्यांना घेऊन दौलताबादचा किल्ला बघायला गेले. प्रवासानं धूळ बसली होती म्हणून दाराशी असलेल्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून गलका झाला. गलका करणारे मुसलमान होते. म्हणजे विटाळ धर्माची वेस सुद्धा ओलांडून जातो. ही आपल्याच मराठवाड्यातली गोष्ट.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचा माणूस दरबारच्या पागेत नोकरीला होता. वरच्या जातीच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतःची गाडी त्या हॉटेलासमोर थांबवू लागले. आपण चहा प्यायचे आणि बरोबरच्या मोठमोठ्या मंडळींनाही पाजायचे. महाराजांनी दिलेला कप नाकारायची छाती कुणात असणार? एका कप चहासाठी राजाला आपलं वजन खर्ची घालावं लागलं.

मग राज्यघटना आली. २६ जानेवारी १९५० पासून ती लागू झाली. तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली हे आपल्याला पाठ असतं. पण पंधरावं कलम पुन्हा एकदा वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, यांतून जातीच्या नावाखाली कुणाला अडवता येणार नाही असं तिथं नाव घेऊन सांगितलंय. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेल हा शब्द घालावा लागला, यावरनं हॉटेलात काय चालायचं ते ओळखा. पुढं १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. त्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचा सुद्धा उल्लेख आहे. सगळ्यांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हा गुन्हा. १९७६ साली हा कायदा कडक झाला, त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असं नाव मिळालं, आणि कमीत कमी एक महिना कैद ठरली. वळचणीची ती कपबशी कायद्याच्या कलमात जाऊन बसली होती.

हे फक्त आपलंच नाही. अमेरिकेत ग्रीन्सबरो गावात १ फेब्रुवारी १९६० ला चार काळे विद्यार्थी एका मोठ्या दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्याच दुकानात त्यांचे पैसे घेऊन बाकीचा माल विकला जायचा. पण खाण्याच्या काउंटरवर बसायला काळ्यांना मनाई होती. पोरं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आली, तिसऱ्या दिवशी आणखी. जुलै महिन्यात त्या दुकानाला काउंटर खुला करावा लागला. सगळ्या देशाचा कायदा १९६४ साली झाला. म्हणून, हॉटेलात बसणं ही किरकोळ गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यानं जरा दमानं घ्यावं. माणसांनी त्यासाठी मार खाल्लाय.

आता दुसरी बाजू.

परभणीच्या हॉटेलात मला कुणी जात विचारत नाही. खरंय. पण का विचारत नाही? गल्ल्यावरच्या माणसाचं मन बदललं म्हणून? तसंही असेल. पण मुख्य कारण असं, की स्टँडवर दिवसाला शेकडो माणसं उतरतात आणि तो कुणालाच ओळखत नाही. हीच दोन माणसं वीस किलोमीटरवरच्या आपल्या गावात गेली की तिथल्या टपरीवर सगळ्यांना सगळ्यांचं आडनाव, आळी आणि आजा माहीत असतो. शहरातला गल्ला माझी नोट बघतो, गावातला गल्ला माझं घर बघतो. म्हणून मला शंका येते. कुणाला माझं नाव माहीत नाही तोवरच जी समता टिकते, तिला हक्क म्हणायचं की लपायची जागा?

बाबासाहेबांनी हे बडोद्यात भोगलं. १९१७ साली परदेशातून शिकून ते महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी नाव सांगून ते एका पारशी मुसाफिरखान्यात राहिले. नाव खोटं होतं तोवर खोली खरी होती. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणीत याच्या पुढचा भाग आहे. आपण तो घाईत वाचतो. त्या गावात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघेही शिकलेले. हिंदू मित्राला फार वाईट वाटलं. त्याला रागही आला. पण तो म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. बाबासाहेब समजायचं ते समजले. त्यांनी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली.

या दोघांनी बाबासाहेबांना शिवी दिली नाही, दार तोंडावर आपटलं नाही. दोघंही बाबासाहेबांना मित्रच मानत होते. फक्त एकाच्या घरात नोकर होते आणि दुसऱ्याच्या घरात बायको.

आता माझ्या बुधवारकडे येतो. माझा एक मित्र आहे. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. जात सांगत नाही, वरची आहे एवढं पुरे. आठवड्यातनं एकदा दुपारी आम्ही जवळच्या एका साध्या हॉटेलात जेवतो. शेवभाजी, दोन भाकरी, कांदा, ठेचा. कधी तो पैसे देतो, कधी मी. माणूस चांगला आहे. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा दोन रात्री तो बाहेरच्या बाकड्यावर झोपला. हे आधी सांगतो, कारण वाईट माणसाबद्दल लिहायला अक्कल लागत नाही.

त्या बुधवारी शेजारच्या टेबलावर कसला तरी वाद चालला होता, आरक्षणाचाच असणार. तो ऐकून मित्र म्हणाला, "ही माणसं कधी सुधरायची? आपल्यात हाय का काही? इतकी वर्षं एका टेबलावर जेवतोय."

मी म्हणालो, "खरंय. मग या रविवारी तुझ्या घरी जेवू."

तो भाकरी मोडत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "लेका, माझं काहीच नाही. तुला ठाऊकाय. पण घरात म्हातारी हाय. ती असेपर्यंत तिला कामून दुखवायचं?"

एवढंच झालं. आम्ही भांडलो नाही. जेवण संपवून कचेरीत परत गेलो. पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना, कारण ते खोटं नाही. त्याची आई म्हातारी आहे. त्याचं तिच्यावर प्रेम आहे. माझ्या एका ताटासाठी त्यानं आईचं मन मोडावं, असं सांगायचा मला अधिकार आहे का? नैतिक प्रश्न म्हणतात तो हा. याला घोषणा देऊन उत्तर मिळत नाही.

मी याचं उत्तर तीन पायऱ्यांनी काढलंय. बघा पटतं का.

पहिली पायरी. म्हातारीचं मन दुखेल, हे धरून चालू. पण मन काय एकट्या तिलाच आहे? माझीही आई म्हातारी आहे. तरुणपणी ती घागर घेऊन आडापासून लांब उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. तिचं मन दुखतं का, हे त्या आडावर कुणी विचारलं नाही. एका म्हातारीचं दुःख घराण्याच्या मर्यादेत मोजलं जातं, आणि दुसरीचं मोजायला मापच नाही. मित्र जेव्हा "कामून दुखवायचं" म्हणतो, तेव्हा कुणीच दुखावत नाहीय असं त्याला वाटतं. पण दुखावणं चालूच आहे. ते माझ्या बाजूला पडतं म्हणून त्याला दिसत नाही, एवढंच. निवड दुखवायचं की नाही अशी नाहीच. कुणाला दुखवायचं, अशी आहे.

दुसरी पायरी. त्यानं आईला विचारलंय का? नाही. तिच्या वतीनं त्यानंच ठरवून टाकलं की ती बदलणार नाही. हा तिचाही अपमान आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर आपल्या आज्यांनी काय केलं? ज्या देवांना जन्मभर निवद दाखवला, ज्यांच्या कोपाला त्या थरथरायच्या, ते देव त्यांनी देव्हाऱ्यातनं उचलले आणि नदीत सोडले. अक्षर वाचता येत नव्हतं. वय साठ, सत्तर. आतून भीती वाटलीच असणार. तरी सोडले. आमच्या अडाणी म्हाताऱ्यांना देव बदलता आला, तर शिकल्यासवरल्या घरातल्या म्हातारीला पाहुणा बदलता येणार नाही? येईल. पण त्यासाठी पोटच्या पोरानं तिच्यासमोर उभं राहून सांगावं लागतं. ती बदलेल की नाही हा पुढचा प्रश्न. सांगायचं धाडस नाही हा आजचा प्रश्न आहे. बडोद्यातले नोकर, बडोद्यातली बायको आणि परभणीतली म्हातारी एकाच घराण्यातली. पुरोगामी माणूस उभा राहतो तो कुणाच्या तरी मागं.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. कायदा इथं काही करू शकतो का? नाही, आणि करूही नये. हॉटेल सगळ्यांसाठी उघडं आहे, तिथं मला अडवलं तर मी फिर्याद देईन. घर त्याचं आहे. कुणाला जेवायला बोलवायचं हे पोलिसांनी ठरवायचं नसतं, नाहीतर उद्या ते माझ्याही घरात शिरतील. अमेरिकेचा १९६४ चा कायदाही काउंटरपर्यंतच गेला, कुणाच्या स्वैपाकघरात शिरला नाही. स्वातंत्र्य आणि समता यांतलं बरंच काही कायदा देऊ शकतो. बंधुता तो देऊ शकत नाही. म्हणून बाबासाहेबांनी तिन्ही एकत्र धरल्या आणि एकीवाचून दुसरी टिकत नाही हे घटना समितीत बजावलं. पुढं बुद्ध आणि त्यांचा धम्म सांगताना ते मैत्रीवर इतका भर देतात तो यासाठीच. कायदा जिथं थांबतो तिथून मैत्रीचं काम सुरू होतं. हॉटेलातलं ताट हा माझा हक्क आहे. तो मला मित्रानं दिलेला नाही. मग मित्रानं मला काय दिलं, ते घराच्या उंबऱ्यावर कळणार.

इथं कुणी म्हणेल, मग सहभोजनं घ्या की. घेतली होती. १९३६ साली जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगून टाकलं, की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही. कित्येक जातींत रोटीव्यवहार आहे, पण जात जिथल्या तिथं. बेटीव्यवहार झाल्याशिवाय आणि धर्मग्रंथांचा धाक मोडल्याशिवाय ती जायची नाही. त्याच भाषणात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत आहे. एक अस्पृश्य तीर्थयात्रा करून आला. त्यानं आपल्याच जातभाईंना जेवण घातलं आणि पानात तूप वाढलं. गावचे हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासलं, माणसांना झोडपलं. लक्षात घ्या, तिथं कुणी कुणाला शिवलं नव्हतं, कुणी सवर्णांच्या पंगतीत बसलं नव्हतं. आपले पैसे, आपलं तूप, आपलीच पंगत. तरी मार. म्हणजे प्रश्न विटाळापेक्षा पायरीचा होता. तू तुझ्या पायरीवरचं खा, वरच्या पायरीचं खाऊ नकोस.

ही पायरी हॉटेलातही दिसते. आम्ही दोघं एका टेबलावर बसतो, पण पाटीवर जे लिहिलेलं असतं ते त्याच्या घरच्या जेवणासारखं असतं. माझ्या आज्याच्या घरचं त्यात काही नसतं. ते जेवण दुष्काळातून, बलुत्यातून, दुसऱ्याच्या टाकून दिलेल्यातून उभं राहिलं. त्याबद्दल बोलायला आपणच लाजतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात २०१५ साली मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं लिहून काढलं, तेव्हा कुठं ते छापील पानावर आलं. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. पण सोडलेली गोष्ट विसरून जाणं आणि ती खाणाऱ्या आपल्या पूर्वजांची लाज वाटणं, यात फरक आहे. मित्र माझ्या घरी आला आणि आईनं तिचं जे आहे ते वाढलं, तर त्यानं नाक न मुरडता जेवावं. त्याच्या घरी मी जेवणं एवढ्यानं भागत नाही. पुढारी आपल्या वस्तीत येऊन जेवतात, फोटो काढतात, त्या फोटोत उपकार त्यांचा असतो. त्यांच्या घरी जेवलेल्या आपल्या माणसाचा फोटो कुणी बघितलाय?

इथपर्यंत वाचून तुम्ही माना हलवल्या असतील. आता जरा आपल्याकडे बघा. त्या हॉटेलात टेबल पुसणारा पोऱ्या कोण असतो? चौदा वर्षांखालच्या पोराला हॉटेलात कामाला ठेवायला २००६ च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे. तरी ते पोर दिसलं तर आपण समतेवर बोलता बोलता त्याला "ए, फडका मार" म्हणतो की नाही? आपल्या वस्तीत मातंगाचं, होलाराचं, मेहतराचं पोर पंगतीला असतं का? असलं तर कुठल्या टोकाला? आपल्या घरात लग्न निघालं की पोटजात निघते की नाही? मित्राच्या म्हातारीवर बोट ठेवणाऱ्यानं आपल्या घरातल्या म्हातारीलाही विचारलं पाहिजे. आणि कालच्या पोराला सुद्धा, कारण सगळं काही म्हाताऱ्यांच्या माथी मारून चालत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीनं काय पाहिलं ते आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. १० तारखेला स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ ला बंद, दगड, लाठ्या, धरपकड. १५ ला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत गेला. तो वडार समाजातला होता. संविधानासाठी उभं राहताना पोटजातीचा हिशोब झाला नाही. मग जेवायला बसताना तो कशासाठी? आणि ज्या ग्रंथासाठी हे सगळं घडलं, त्यातच आपलं ते पंधरावं कलम आहे. हॉटेलातलं बाकडं त्या ग्रंथानं दिलंय. ग्रंथाला हात लावला की बाकड्यालाही लागतो. हे माझ्या मित्रालाही कळायला हवं, कारण तो त्याच बाकड्यावर बसून समतेची गोष्ट करतो.

म्हणून करायचं काय? माझं म्हणणं असं.

हॉटेलात जेवणं सोडू नका. ते आपलं आहे, कुणाच्या मेहेरबानीचं नाही. बिल वाटून द्या, उधारीवर समता घेऊ नका. टेबलावर कुणी जयभीम घातला तर मोठ्यानं जयभीम म्हणा. नाव लपवून मिळालेली जागा बडोद्यात अकरा दिवस टिकली, हे विसरू नका. मित्राला तोडू नका, पण त्याला सूटही देऊ नका. त्याला सांगा, की तुझं माझ्यावर प्रेम आहे हे मला माहीत आहे, तुझ्या घराला ते माहीत नाही. एकदा सांगून भागणार नाही, दर वर्षी सांगा. खरं न सांगता टिकवलेली दोस्ती म्हणजे दोघांनी मिळून पाळलेला विटाळच. त्यानं आईशी बोलायचं टाळलं तर ती त्याची हार. पण आपण त्याला विचारायचं टाळलं, तर दोस्ती म्हणून आपण काय पाळत होतो?

आणि पहिलं आमंत्रण आपल्याच घरातून निघू द्या. येत्या रविवारी आपल्याहून खालची म्हणून जिला ठेवलंय, त्या आळीतल्या एका घराला जेवायला बोलवा. सगळ्या घराला, बायापोरांसकट. जेवण रोजचंच करा. भाकरी, बेसन, असेल ते. आईला, आजीला आदल्या दिवशी सांगा, आणि ताट त्यांच्याच हातानं वाढू द्या. पुढच्या बैठकीत जातिअंतावर ठराव मांडायच्या आधी एवढं कुणाकुणाकडून झालं, ते हात वर करून सांगायचं.